बियाण्याच्या डब्यातला पासपोर्ट

मखमलाबादच्या रंगूबाईनं तीस वर्षांत एकही मतदान चुकवलं नाही. एकदा तर झेंडूच्या पाट्या रिक्षात तशाच सोडून ती रांगेत उभी राहिली. फुलं सुकली, पण बोटावरची शाई आठवडाभर बाजारात मिरवली. मत न देणाऱ्याला ती सरळ ‘जितं मढं’ म्हणायची.

तिचा ज्ञानेश मस्कतला क्रेन चालवायचा. यंदा परदेशातला मतदार म्हणून नाव नोंदवून, खास मतदानासाठी रजा काढून आला होता. शनिवारी परत जायचा होता.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो केंद्रावरून घामाघूम होऊन आला.

"आये, आधार कार्ड चालत नाय. बाहेरदेशी राहणाऱ्याला पासपोर्टच लागतो म्हणे. कपाटात ठेवला व्हता. तू पाह्यला का?"

"मला काय कळतंय त्यातलं?" हातातला हार ओवणं न थांबवता रंगूबाई म्हणाली.

त्यानं गाद्या उलट्या केल्या, पेट्या उपसल्या. सहाला मतदान बंद. साडेपाच झाले तसा तो उंबऱ्यावर मटकन बसला.

"पाचशे कोस येऊन जितं मढंच झालो म्हणायचं."

रंगूबाईच्या बोटात सुई घुसली. पासपोर्ट झेंडूच्या बियाण्याच्या डब्यात होता, कीड लागू नये म्हणून घातलेल्या राखेखाली. त्या डब्याला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. पोरानं जायची तारीख सांगितली, त्याच दिवशी तिनं तो तिथं पुरला होता. कागद नाही तर विमान नाही, एवढाच तिचा हिशेब. त्यात मत अडकेल हे बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं! आता काढून दिला तर पोरगं शनिवारी जाणार. नाही दिला तर...

ती उठली. आत डबा वाजला. राखेनं माखलेला पासपोर्ट तिनं त्याच्यापुढे धरला.

"उंदरानं नेला असंल."

"उंदीर झाकणबी लावतो का, आये?"

"लय मोठा उंदीर हाय. गाडी काढ आधी!"

सहाला चार मिनिटं कमी असताना ते पोचले. टेबलामागच्या मतदान अधिकारी प्रतिभा मॅडमनी पासपोर्टवर फुंकर मारली, स्वतःच शिंकल्या, यादीच्या शेवटच्या पानावर नाव शोधलं. रंगूबाई फाटकाबाहेर उभी होती. ज्ञानेश शाईचं बोट नाचवत आला आणि पासपोर्ट तिच्याच हातात दिला.

"ठेव डब्यात. शनिवारी मागंन."

"अन् नाय दिला तर?"

"तर हितंच राहीन. मंग पुढच्या बारीला आधार कार्ड चालंल."

रंगूबाई हसली नाही. गाडीवर मागं बसून ती घर येईस्तोवर पदरानं पासपोर्टाच्या पानांतली राख पुसत राहिली.