झरोक्यामागचा हात

बायनाबाई माझी थोरली जाऊ. तिचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं, आणि गावात तर दुसरं काही ऐकूच येत नाही.

केजजवळच्या आमच्या गावात निजामाच्या काळातला मोहताजखाना आहे. दुष्काळात उपाशी माणसं इथे आणून ठेवत. दोन लांबलचक दगडी खोल्या, एक बायांची, एक बाप्यांची, मधे उंच भिंत. नवरा-बायकोची ताटातूट दारातच व्हायची. आता एका खोलीत अंगणवाडी भरते, दुसरीचं छत गेलंय. स्वयंपाकघराला मात्र वाढायचा झरोका अजून आहे, वाडगा जाईल एवढाच. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून वाढणारीने तोंड दाखवायचं नाही. दाखवलं तर तिच्या घराचा वाढायचा मान गेला.

तो मान आमच्या घराचा. दर चैत्रात, तिथे जगलेल्यांची पतवंडं पार माजलगावहून येतात आणि झरोक्यात वाडगा धरतात. कण्यांसाठी ज्वारी मी भरडायची, चुलीपाशी डोळे मी चोळायचे, आणि पळी बायनाबाईच्या हातात! सासूनेच दिली. मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्याची लेक, वाढायचा हात आहे म्हणे. मग माझा काय लुळा होता? लोक तिचा हात कपाळाला लावायचे. ती वर मलाच म्हणायची, "वनमाला, तुज्या कण्यांला लई चव हाय." अशा बाईशी भांडावं तरी कसं? माझा नुसता जळफळाट.

यंदा तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण आधी पळीच आठवली. तिने ती आपणहून माझ्या हातात दिली आणि मागे बाजेवर टेकली.

पहिला वाडगा आला. मी काठोकाठ भरला. बाहेरच्या म्हाताऱ्याने माझा हात कपाळाला लावला.

"बायनाबाई, तुमच्या हातचं खाल्लं की वरीस सुखात जातंय बगा."

मस्तकात तिडीक गेली. डोकं बाहेर काढून ओरडावंसं वाटलं, मी वनमाला हाय! पण तोंड दाखवलं की पळी गेली. मागे वळून पाहिलं. बायनाबाई हसलीसुद्धा नाही.

दुसरा वाडगा पुढे झाला. बाईचा आवाज होता.

"बायनाबाईच ना वं? आजारी हाय म्हून ऐकलंतं."

मी पळी घट्ट धरली.

"बरी हाय मी आता," मी म्हणाले.