बहिणीचे सरगुंडे

दारव्ह्याच्या कचेरीत खुर्चीवर बसून बसून माझं पोट सुटलं होतं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तसं मी गोडधोड सगळंच सोडलं. त्याच उन्हाळ्यात घाटंजीला मोठ्या बहिणीकडे गेलो. आमरसासोबत खायला तिनं कणकेचे सरगुंडे केले होते. एकेक बारीक काडीवर वळायचा, वाळवायचा, मग उकडायचा. मी ताट सरकवलं आणि चार पाहुण्यांदेखत ऐटीत म्हणालो, "हे असलं खाऊनच मानूस फुगते. मले पुन्हा कधी वाढू नको."

तिनं ताट उचलून आत नेलं.

वर्षभरात माझी अक्कल ठिकाणावर आली. सगळं खायचं, पण थोडी भूक राखून उठायचं आणि कचेरीत पायी जायचं, एवढ्यावर वजन उतरलं आणि उतरलेलंच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मी खास सरगुंड्यांसाठी घाटंजीला गेलो. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही घातलं नव्हतं.

पंगतीत सगळ्यांच्या ताटात सरगुंडे आणि रस. माझ्या ताटात ज्वारीची भाकर आणि बिनतेलाची भाजी.

"तुले चालत नाई ना, म्हनून तुह्यासाठी अलग रांधलं," ती म्हणाली आणि पंखा घेऊन माझ्याजवळ वारा घालत बसली.

"मलेबी दे ना दोन," एवढंच म्हणायचं होतं. कसला स्वाभिमान, नुसता ताठा आडवा आला. भाकर चांगली झाली म्हणालो.

मग ती दरवर्षी तीच भाकर वाढत राहिली, आणि मी दरवर्षी त्या भाकरीची तारीफ करत राहिलो.