नवसाच्या सायकली

ठकीचा आवाज ऐकायचा असेल तर खिचडी करपायला हवी. एरवी ती बोलत नाही. तलासरीच्या पुढे, गुजरातची हद्द लागायच्या अलीकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे ती मुलांचं जेवण रांधते. मी तिथली मास्तरीण, राहायला डहाणूशेजारी मसोलीला. रोज एसटीने येते आणि आल्या आल्या कुणाशी तरी भांडते. कधी एसटीला उशीर झालेला असतो, कधी तांदळात खडे असतात, कधी मुख्याध्यापक मनिष सर न सांगता मिटिंगला गेलेले असतात. ठकी माझी सगळी कटकट ऐकून घेते आणि पातेल्यावर झाकण ठेवून म्हणते, "बाई, चा घे."

तिचा नवरा तुक्या नारळी पौर्णिमा झाली की गुजरातच्या बोटीवर मासेमारीला जातो, तो होळीलाच तोंड दाखवतो. म्हणजे घरात ती आणि नविन. नविन उशिरा झालेलं एकुलतं पोर, दुसरीत माझ्याच वर्गात. त्याच्या हृदयाला भोक असल्याचं शाळेतल्या तपासणीत कळलं. जरा धावला की त्याचे ओठ जांभळे पडायचे. म्हणून खेळाच्या तासाला तो माझ्या खुर्चीशेजारी बसून इतरांच्या कबड्डीचे गुण मोजायचा आणि आपल्या दोस्ताच्या संघाला बिनदिक्कत जास्त द्यायचा. मी ओरडले की म्हणायचा, "बाई, तो हरतोय ना."

सरकारी योजनेत त्याचं नाव होतं. ठकी त्याला घेऊन दोनदा मुंबईला जाऊन आली. एकदा पोराला ताप आहे म्हणून परत पाठवलं, एकदा डॉक्टर रजेवर आहेत म्हणून. पुढची तारीख काही येईना. दिवाळीनंतर तर तो कविता म्हणायला उभा राहिला तरी त्याला धाप लागायला लागली. मी फोन करकरून दमले. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपण सहज म्हणतो, पण सहा महिने त्या पोराकडे होते की नाही कुणास ठाऊक.

अशात मनिष सरांनी बातमी आणली. मुंबईचे काही लोक दरवर्षी जानेवारीत सायकलने सुरतेपर्यंत जातात, वाटेत देणग्या गोळा करतात आणि त्यातून लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करवून घेतात. या वर्षी डहाणूला मुक्काम, आणि सकाळचा चहा-पाण्याचा थांबा आमच्या शाळेत. महाराष्ट्रातला तो शेवटचा थांबा. मी त्यांच्या तुषार नावाच्या प्रमुखाला फोन केला. माणूस बोलायला चांगला होता. म्हणाला, "मॅडम, मुलाला आणि आईला समोर आणा. पण सांगायचं आईनेच. मध्यस्थाकडून आम्ही नाव घेत नाही. मागे एका पुढाऱ्याने स्वतःचा भाचा घुसवला होता." मला ते पटलं. पुढाऱ्यांची जात मलाही माहीत आहे.

मग मी ठकीची तयारी करून घ्यायला लागले. खिचडी ढवळता ढवळता तिने दोन वाक्यं म्हणायची. माझ्या पोराच्या हृदयाला भोक आहे. त्याचं ऑपरेशन करा. एवढंच. ती मान खाली घालून पुटपुटायची. मी म्हणायचे, "अगं मोठ्याने! बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही."

एक दिवस तिने उलट मलाच विचारलं, "बाई, त्यांच्याकडं गाड्या नाय?"

"आहेत की. मोठमोठ्या. एक तर मागून येतेच, सामान घेऊन."

"मंग सायकल कशाला मारतात?"

"मुलांसाठी."

"त्यांची पोरां आजारी?"

"नाही गं. दुसऱ्यांची. आपल्या नविनसारखी."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "उन्हातान्हाचं, दुसऱ्याच्या पोरासाठी." मी म्हटलं, "हो, तसंच." खरं सांगायचं तर त्यांनी सायकलच का मारायची, याचं धड उत्तर मलाही देता आलं नसतं.

तो दिवस उजाडला. एसटीतून येताना मी त्यांना ओलांडूनच आले. रंगीत घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर लाल हृदयाचं चित्र. चढावर सगळ्यांचा घाम निघत होता आणि आमचा कंडक्टर खिडकीतून त्यांना "चलो, चलो" करत होता. शाळेत पताका लागल्या होत्या. मनिष सरांनी माझ्या हातात माईक कोंबला आणि सूत्रसंचालन माझ्या गळ्यात मारलं. स्वागतगीत, नारळ, शाल, मनोगत. माझी नजर मात्र व्हरांड्याच्या टोकाला होती.

ठकी तिथे नवं लुगडं नेसून उभी होती. शेजारी तेल लावून भांग पाडलेला नविन. भाषणं आटोपून तुषार चहा घ्यायला तिच्याच बाजूला गेला. ठकीने हंडा उचलला आणि खाली बसून त्याच्या पायांवर, बुटांसकट, पाणी ओतलं. तो दचकला, मग हसला आणि तिने दिलेलं पाणी प्यायला. कुणीतरी फोटो काढला. ठकी त्याच्या पाया पडली, नविनलाही पडायला लावलं. तुषारने नविनच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी विचारलं, आणि ठकीचे ओठ हलले. मी माईकवर आभार मानत होते, माझा आवाज आनंदाने चिरकला. सुटलो एकदाचे, मला वाटलं.

शिट्टी वाजली, सायकली निघाल्या, पोरं फाटकापर्यंत ओरडत गेली. मी धावत स्वयंपाकखोलीत गेले.

"काय म्हणाले गं?"

"पानी गोड हाय म्हनले. पोऱ्या कितवीत हाय, इचारलं. दुसरीत म्हनून सांगितलं."

"आणि ऑपरेशनचं?"

"नाय बोलले मी."

मी तिच्यावर जी ओरडले, ती अख्ख्या शाळेने ऐकली. तिने मला ओरडू दिलं. मग हळूच म्हणाली, "बाई, नवसाला निंगालेल्या मानसाकडं मांगायचं नसतं. पाय धुवायचे, पानी द्यायचं, वाटेला लावायचं. महालक्ष्मीला चालत जानाऱ्यांना आमची आजी असंच करायची. मांगला का नवस फुटतो. त्यांचा नवस तर माझ्या पोऱ्यासाठीच हाय. मीच फोडू?"

घरी गाडी असून माणूस परक्याच्या पोरासाठी देह कष्टवतो, याला तिच्याकडे एकच नाव होतं, आणि आठ दिवस तिच्यापुढे बडबडूनही मी ते खोडलं नव्हतं.

तुषारला फोन लावला, तो उचलेना. दुपारी उचलला, मागे बँड वाजत होता. "अरेरे, तोच मुलगा का? मॅडम, त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. या वर्षीची नावं मघाशीच मुंबईला कळवली हो, जागा भरल्या. पुढच्या वर्षी त्याचं नाव पहिलं धरतो, नक्की." तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून फोन करून चौकशीही केली. भल्या माणसावर मला नीट चिडताही येईना. त्यानंतर मी आणि मनिष सर डहाणूच्या कचेरीत जाऊन बसलो, तिथून पालघरला गेलो. सगळीकडे बघतो म्हणाले.

होळीच्या आधी नविन गेला. तुक्या बोटीवरून आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी त्यांच्या पाड्यावर गेले तेव्हा तो दाराशी बसून जाळ्याचा तुकडा विणत होता, माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मला रडू आलं आणि मी तिथेच रडले.

दिवसकार्य उरकून ठकी कामावर आली. मी तिला म्हटलं, सुट्टी घे. तिने तांदूळ धुवायला घेतले. खेळाचा तास चालू होता, बाहेर पोरांची कबड्डी रंगली होती आणि गुणांवरून भांडण लागलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तोंडानं नाय मांगलं मी."

"माहीत आहे गं."

"पन पाय धुताना मनात मांगलं. त्याला बरा कर, म्हनलं. राहवला नाय मना." तिचे हात तांदळात तसेच राहिले. "त्यानंच फुटला ना?"

मी तिला जवळ घेतलं. असं नसतं ठकी, असं काही नसतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं, जसं नेहमी घेते, आणि माझा एकही शब्द तिला खरा वाटला नाही.