चौथ्या प्रकरणातली रेती

नागपूर स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते, पण ऊन मात्र भर दुपारचं होतं. सांगलीहून इतक्या लांब मी एका नदीसाठी आले होते. माझी नवी कादंबरी कन्हान नदीवर आहे आणि ती नदी मी कधी पाहिलेलीच नव्हती! संपादकांना याचा पत्ता नव्हता. सोमवारी पुस्तक छपाईला जायचं होतं, त्याआधी निदान तोंड दाखवून यावं म्हणून निघाले.

स्टेशनाबाहेर तर्रीपोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले आणि नाक पुसत कन्हानकाठच्या खापा गावाची बस धरली.

"खाप्याले काहून चालल्या मॅडम?" कंडक्टरनं विचारलं.

"नदी पाहायला."

"उन्हाळ्यात? पानी कुठं हाय तिच्यात!"

मला उलट बरंच वाटलं. माझ्या कादंबरीच्या शेवटी नायिका सुमन कोरड्या पात्रात बसून मेलेल्या नदीसाठी रडते. ते पान लिहिताना मीही रडले होते.

खाप्याला उतरून पात्रात गेले. नजर जाईल तिथवर रेती, आणि मधेच हिरवे वेल. ती डांगरवाडी (नदीच्या रेतीतला खरबुजांचा मळा) होती. साठीच्या एक बाई वेलांना पाणी घालत होत्या. सँडलमध्ये रेती शिरून माझा जो नाच चालला होता, तो पाहून त्या खळखळून हसल्या.

"सावलीत ये वं बाई, पाय भाजून राहिले तुये!"

त्यांचं नाव कुसुमबाई. "मावशी, नदी तर कोरडी. मग हे पाणी कुठलं?" मी विचारलं.

उत्तर न देता त्या गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी रेती उपसू लागल्या. खड्डा कोपरभर झाला तशी तळाशी ओल आली, मग पाणी. पहिलं गढूळ पाणी त्यांनी वाटीनं काढून टाकलं, थोडं थांबल्या आणि पुढची वाटी माझ्या हातात दिली. थंडगार!

"हा झिरा. नदी खाली गेली ना, रेतीनं सांभाळून ठेवली तिले."

मी त्यांना सुमनची गोष्ट सांगितली.

"रडते काहून ते? उकरत काहून नाई?"

"आता उकरेल," मी हरखून म्हणाले. "मी शेवटच बदलते."

"अन् तिच्या नदीत रेती हाय ना?" त्यांनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं. तिथली रेती ट्रकांनी नेली होती. नुसता खडक आणि तडकलेली माती उरली होती. "तिकडं मायी वाडी होती. आता कितीबी उकर, झिरा लागत नाई. इथलीबी नेली का संपलं."

मला माझीच कादंबरी आठवली. चौथ्या प्रकरणात सुमनच्या भावाचं घर बांधायचं होतं, म्हणून मी तिच्याच नदीतून ट्रकच्या ट्रक रेती उचलली होती, तीही एका ओळीत. पुढे पुस्तकभर नदी आटल्याचं खापर पावसावर फोडत बसले. लाजेनं माझे कान तापले.

निघताना कुसुमबाईंनी एक डांगर पिशवीत घातलं. परतीच्या गाडीतून संपादकांना फोन केला की पुस्तक सोमवारी मिळणार नाही.

ते वैतागले. "शेवटचं पानच बदलायचंय ना?"

"नाही. चौथ्या प्रकरणातली रेती परत नदीत टाकायची आहे."

घरी पोचल्यावर डांगर कापलं, सगळ्यांना वाटलं. मग उगाच आमच्या भिंतीवरून हात फिरवून पाहिला. हिच्यातली रेती कुठल्या नदीची, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. सुमनला आता झिरा लागेल. तिच्या भावाचं घर कशानं बांधायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.