सुनेच्या शेळीवर देवाची स्तुती

आमच्या इरम्माची प्रार्थना मुरुमच्या बाजारात ऐकू जाते असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. मुरुम आमच्या गावापासून लई लांब. पण ओढ्यावर म्हशी धुणाऱ्यांना ऐकू जाते, हे त्यांनीच मला सांगितलं. देवाला कमी ऐकू येतं असं इरम्माला कुणी सांगितलं, ते मात्र मला अजून कळलं नाही.

इरम्मा माझी चुलत जाऊ. तिच्या न् माझ्या घरात एकच भिंत, तीही मातीची. त्यामुळं तिचं बरंवाईट सांगायचा हक्क माझाच आहे, दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी भांडायला जाईन. आमची घरं आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती. देव बदलला तरी नावं कुणी बदलली नाहीत. इरम्मा इरम्माच राहिली न् तिचा पोरगा बालाजीच. आधीच्या पाळकसाहेबांना ते खुपायचं. मी त्यांना म्हटलं होतं, वर गेल्यावर आम्हाला नव्या नावानं हाक मारली तर आम्ही ओ कसं देणार?

इरम्मा लग्न होऊन आली तेव्हा एवढीशी होती की सासूनं तिला पाण्याला धाडताना घागर न देता कळशी दिली. नंतर नवरा गेला, बालाजी रांगत होता. सगळा जन्म तिनं हिंमतराव पाटलांच्या रानात खुरपण्यात घातला. पाटील बांधावर आले की मान खाली, मुकादम ओरडला की मान खाली. तिला कुणी कधी विचारलं नाही की बाई, तुझं काय म्हणणं आहे. पहिल्यांदा विचारलं ते देवळात. आमच्याकडं गाणी झाली की पाळक म्हणतात, कुणाला साक्ष द्यायची असेल त्यांनी द्यावी. म्हणजे देवानं माझं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. एका रविवारी इरम्मा उठली, अडखळत दोन वाक्यं बोलली, न् बायकांनी "आमेन" म्हटलं. झालं. त्या दिवशी तोंड उघडलं ते उघडलंच.

मग ती पहिल्या रांगेत बसायला लागली. प्रार्थनेला डोळे मिटायची, पण डावा डोळा पुरता मिटायचा नाही. कोण रडतंय, कोण नुसतंच बसलंय, आपण रडतोय ते कुणाला दिसतंय, सगळं त्या डोळ्याच्या फटीतून. मी तिच्याच शेजारी बसते, म्हणून मला ठाऊक. मी मेली डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करते, निदान चपला तरी कुणी नेत नाही.

एकट्या इरम्माला काय बोलायचं! आता तरणी पोरं पेटीऐवजी तो विजेचा बाजा वाजवतात, डोळे मिटून डुलतात, न् गाणं संपलं की मोबाईलात बघतात आपण कसे डुललो. आणि जगदेवी! जगदेवीनं नवऱ्याच्या नावानं देवळाला पंखा दिला. पात्यांवर त्याचं नाव रंगवून घेतलं. पंखा जोरात फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून ती तो एक नंबरच्या वर जाऊ देत नाही. उन्हाळ्यात आम्ही घामानं निथळत "देवा, तुझी कृपा थोर" म्हणतो न् वर जगदेवीचा नवरा सावकाश फिरत असतो.

पंखा आला तिथंच इरम्माच्या पोटात दुखायला लागलं.

तिचे गुडघे तेव्हा लई धरले होते. उमरग्याच्या डॉक्टरनं दोन्ही गुडघ्यांत सुया दिल्या, गोळ्या दिल्या. त्याच आठवड्यात तिथं मोठी संजीवन सभा होती, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात ती; इरम्मा तिथंही जाऊन आली. गुडघे मोकळे झाले. पुढच्या रविवारी साक्षीला उभी राहिली. सभेतल्या प्रार्थनेनं कसं अंगातून ऊन पाणी वाहिल्यागत झालं ते तिनं सांगितलं. सुईला साक्षीत जागा मिळाली नाही. "आमेन"वर "आमेन" पडत गेलं, इरम्माचा आवाज चढत गेला, न् तिनं जगदेवीकडं बघून म्हटलं,

"येत्या हंगामाच्या सणाला म्या आमच्या दारातली दुभती शेळी प्रभूच्या पायाशी वाहणार हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांत बसलेली तिची सून हर्षाली तेवढी वाजवत नव्हती. तिच्या मांडीवर लेकरू होतं न् शेळी तिची होती.

हंगामाचा सण म्हणजे काय ते सांगते. तुरी निघाल्या की प्रत्येक घरानं आपल्या कमाईतलं पहिलं न् चांगलं देवापुढं आणायचं. पाळकांच्या टेबलाजवळ ठेवायचं, उपकार मानायचे. मग त्याचा लिलाव होतो न् देवळाला हातभार लागतो. चांगलं आणायचं, असं शास्त्र सांगतं. आम्ही आणतो किडकी तूर, पोकळ भोपळा न् अंडी न घालणारी कोंबडी. चन्नम्माचा एक लंगडा कोंबडा इतक्या सणांना येऊन गेला की त्याला गाणी पाठ झाली असतील. दरवेळी तिचाच पोरगा तो लिलावात घेतो न् परत घरी नेतो.

त्यामुळं दुभती शेळी म्हणजे मोठीच गोष्ट. पण ती हर्षालीला तिच्या बापानं, रामलिंगानं दिलेली. बाळंतपणानंतर पोरीला ताप आला, तिचं दूध आटलं. वरचं पिशवीतलं दूध लेकराला सोसेना, प्यालं की ओकायचं. तेव्हा रामलिंगानं कळपातली निवडून एक काळी शेळी टेम्पोत घालून आणून दिली. तिच्या दुधावर अर्पिता तगली. माझ्या डोळ्यांदेखत त्या लेकराच्या काटकुळ्या पायांना मांस आलं.

दुसऱ्या दिवशी हर्षाली माझ्याकडं आली. बालाजी कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, तिनं त्याला फोन केला होता. तो म्हणाला, तुम्ही दोघी बघून घ्या. बाप्यांना हे एक वाक्य फार लवकर येतं.

मी इरम्माकडं गेले. ती उंबऱ्यात शेंगा फोडत होती. मी म्हटलं, शेळी सुनेची, दूध नातीचं, मग यात तुझं काय गं? ती म्हणाली, घरातलं ते सगळं माझंच. मी म्हटलं, असं कर, माझ्या कोंबड्या दे देवाला, त्या तर तुझ्याच भिंतीवर बसतात. तिला हसू आलं नाही.

"अक्का, बोलून बसले म्या," ती म्हणाली. "देवाला दिलं म्हणून मागं घेतलं तर काय होतं? शास्त्रातल्या त्या नवराबायकोनं शेत विकलेल्या पैशातलं थोडं लपवून ठिवलं, तर जागच्या जागी पडली दोघं."

तेव्हा मला कळलं की ती नुसती मिरवत नाही, भ्यालीही आहे. सोनारीच्या भैरोबाला नवस फेडला नाही तर कोप होतो, हे आमच्या रक्तात आधीपासूनच. देव बदलला, पण भीती तीच पोत्यात भरून आणली आम्ही. मी तिला सांगितलं की त्या दोघांनी स्वतःचं शेत विकलं होतं, सुनेचं नाही. ती शेंगा फोडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की मागं घेतलं तर जगदेवी काय म्हणेल. कोपापेक्षा जगदेवी जड होती.

सणापर्यंत त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मला वाटलं, हर्षालीनं हाय खाल्ली.

सणाच्या आदल्या सांजेला इरम्मा सुनेला म्हणाली, आज धार म्या काढते. गोठ्यात गेली, थोडा वेळ बसली, न् आली सांगत की शेळीनं पान्हा चोरला. लेकराला भाताची पेज पाजली. सकाळी हर्षाली उठायच्या आत शेळी दावणीला नव्हती. इरम्मानं तिला हौदावर धुतली, गळ्यात झेंडूची माळ घातली न् देवळाच्या दाराशी नेऊन बांधली. लोक येत होते न् थांबून बघत होते. काळी कुळकुळीत शेळी, न् कास अशी तटतटलेली की सड आडवे झालेले. "काय कास हाय!" असं जो तो म्हणत होता. इरम्मा पदर सावरत होती.

उपासना सुरू झाली. टेबलापुढं भोपळे, तुरीची गाडगी, चन्नम्माचा कोंबडा, जगदेवीचा नवा पितळी तांब्या. नवे पाळकसाहेब एकेकाचं नाव घेऊन उपकार मानत होते. इकडं अर्पिता रडत होती. हर्षाली तिला खांद्यावर टाकून थोपटत होती, तोंडात बोट देत होती, पण ती थांबेना. बाहेर शेळी ओरडायला लागली. लेकरू रडलं की शेळी ओरडायची, शेळी ओरडली की लेकरू जास्त रडायचं. बाजा वाजवणाऱ्या पोरानं आवाज वाढवला.

पाळकसाहेब इरम्माच्या नावाशी आले न् म्हणाले, इरम्माबाईंनी आपल्यातलं उत्तम ते प्रभूला दिलं आहे. हर्षाली उठून उभी राहिली.

"साहेब, शेळी माझी हाय, न् म्या दिली न्हाय," ती म्हणाली. "काल सांजेपासून तिची धार काढली न्हाय. कास भरलेली दिसावी म्हणून. माझ्या लेकराच्या पोटात कालपासून दूध न्हाय."

ती ओरडली नाही. विहिरीवर सांगावं तसं सांगितलं.

आमच्यातल्या प्रत्येकाला ते लगेच कळलं. बाजारात शेळी विकायला नेताना हेच करतात. आदल्या सांजेपासून दूध काढत नाहीत, म्हणजे कास फुगते न् गिऱ्हाईक भुलतं. ही युक्ती व्यापाऱ्यावर करतात. देवावर करायची इरम्मालाच सुचली.

पाळकसाहेब तरणे आहेत. देवळाचे पत्रे गळतात न् शेळीला चांगली बोली आली असती, हे त्यांच्या तोंडावर मला दिसलं. ते म्हणाले, ताई, तुम्ही बसा, हे आपण नंतर बसून ठरवू. जगदेवीनं पदराआड तोंड घातलं, तिचे खांदे हलत होते. मी इरम्माकडं पाहिलं. मला वाटलं आता ही मोठ्यानं प्रार्थना सुरू करणार न् सुनेच्या अंगातला सैतान काढणार. तिला ते सहज जमलं असतं, न् निम्म्या बायकांनी "आमेन"ही म्हटलं असतं.

ती वळून लेकराकडं बघत होती. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होतं.

इरम्मा उठली. टेबलापाशी गेली, जगदेवीचा पितळी तांब्या उचलला न् बाहेर गेली. जगदेवीचे खांदे हलायचे थांबले. दार उघडंच होतं, सगळ्यांना दिसत होतं. ज्या गुडघ्यांची साक्ष दिली होती त्यांवर ती कण्हत बसली, आमच्याकडं पाठ करून, न् धार काढायला लागली. पितळेत धारेचा आवाज येत होता. गाणं कुणी म्हणत नव्हतं. पाळकसाहेब पुस्तकाची पानं चाळत उभे होते. ह्या प्रसंगाला कोणती प्रार्थना लागते ते त्यात छापलेलं नसावं.

भरला तांब्या घेऊन ती आत आली न् हर्षालीपुढं धरला.

"घरी ने. तापवून पाज," म्हणाली. मग थोडं थांबून, "शेळी पण ने. तुझीच हाय ती. म्या खोटं बोलले."

तिनं हे जगदेवीकडं बघून म्हटलं नाही, माझ्याकडं बघूनही नाही. हर्षालीनं "व्हय, आत्याबाई" एवढंच म्हटलं. एका काखेत लेकरू, एका हातात तांब्या. दावं सोडायला हातच उरला नाही. ते इरम्मानंच सोडलं न् तिच्या मनगटाला गुंडाळून दिलं. झेंडूची माळ शेळीनं तोवर निम्मी खाल्ली होती.

पाळकसाहेबांनी इरम्माच्या नावापुढं काही नाही असं ठरवून पुढचं नाव घेतलं. कुणीतरी मागं पुटपुटलं की एवढी बोलणारी बाई, न् सणाला रिकाम्या हातानं आली. ज्यानं म्हटलं त्याची तूर मी पाहिली होती. पाखडली असती तर किडेच खाली पडले असते.

इरम्मा पहिल्या रांगेत गेली नाही. दाराजवळ, चपलांपाशी बसली. मीही कण्हत उठून तिच्याजवळ जाऊन बसले, माझे गुडघे काही संजीवन सभेला गेलेले नाहीत. प्रार्थना सुरू झाली. पोरं डुलायला लागली, जगदेवी रडायला लागली, तांब्यासाठी असेल. इरम्मानं पदर तोंडावर ओढला. तिचे ओठ हलत होते. मी कान लावला, खोटं कशाला बोलू. बाई माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती न् मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मला ऐकू यावं असं तिला वाटतही नव्हतं.

मग मी तिचं ऐकायचं सोडलं न् आयुष्यात पहिल्यांदा देवळात डोळे मिटले.