दीपाला न आलेला ताप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही दीपाला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभच उचलत नाही.

दीपा माझी धाकटी बहीण. जन्मापासून तिचे पाय अधू. आमच्या तेर गावच्या शाळेत तिची चाकाची खुर्ची मीच ढकलत न्यायची. लोक अजून म्हणतात, किती केलंस गं बहिणीसाठी. केलं, खोटं कशाला बोलू? पण ढकलताना माझ्या मनात काय चालायचं, ते कुणी विचारलं? तव्यावरची पहिली भाकरी तिची. पाहुणा आला की खाऊ तिच्या हातात. मी धडधाकट ना — मला काय व्हायचंय?

माझं म्हणावं असं एकच होतं, लेझीम. दहावीला होते तेव्हा शाळेच्या पथकात पहिल्या रांगेत, मधोमध. मैदानावर उभी राहिले की दीपा नाही, खुर्ची नाही. फक्त मी.

आणि मग आमच्या खेळाच्या मॅडमनी काय करावं? कडेला बसलेल्या दीपाची बोटं खुर्चीवर ठेक्यात पडताना पाहिली, आणि हलगी तिच्या मांडीवर दिली. "वाजव गं पोरी." महिनाभरात अख्खं पथक तिच्या हलगीवर खेळायला लागलं. तिची खुर्ची कुणी न्यायची यावरून मुली भांडायच्या. येणारीजाणारी माणसं कुंपणाशी थांबून म्हणायची, "ती बसलेली पोरगी लई भारी वाजवती." आणि मी? मी त्या पोरीची बहीण झाले. माझं मैदान, माझ्या मैत्रिणी — तेसुद्धा तिचंच? पोटात जळायचं. खरंच जळायचं.

धाराशिवला स्पर्धा होती. आदल्या दिवशी शाळा सुटताना मॅडमनी निरोप दिला, "सकाळी सहाला जीप तुमच्या दारात येईल. दीपाला तयार ठेव." घरी आले तर आई दीपाच्या ड्रेसला इस्त्री करत होती. आणि मी म्हणाले, "स्टेज उंच हाय. खुर्ची चढत न्हाय. तिला आणू नका म्हणाले तिथले लोक."

वाटलं होतं, दीपा रडेल. मॅडमना फोन लाव म्हणेल. तिनं काहीच विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली. आईनं इस्त्रीची पिन काढली आणि ड्रेस घडी करून ठेवून दिला. असं ऐकायची दोघींना केवढी सवय होती! माझं खोटं माझ्या हुशारीनं टिकलं नाही. त्यांच्या सवयीनं टिकलं.

सकाळी मी जीप चौकातच अडवली. "मॅडम, दीपाला लई ताप आलाय." मॅडम तिला बघायला उतरू लागल्या, तर म्हणाले, आत्ताच डोळा लागलाय तिचा. धाराशिवला पोचलो आणि बघितलं — स्टेजला फळ्यांचा उतार केलेला. मॅडमनी चार-चार फोन करून तो करून घेतला होता. त्यावरून कुणीच चढलं नाही. दुसऱ्या एका मुलीनं हलगी घेतली, ठेका दोनदा चुकला, आमचा नंबर आला नाही. मला वाईट वाटलं का? नाही. लोक माझ्याकडं बघत होते, तेवढं मला पुरलं.

दोन दिवसांनी मॅडम घरी आल्या. "आता बरं वाटतंय का गं?" त्यांनी दीपाला विचारलं. त्या तापाचं विचारत होत्या. तिला वाटलं, मनाचं विचारतायत.

"व्हय मॅडम. बरं हाय आता."

"मग उद्यापासून सरावाला ये."

"नको मॅडम. आमचं घरीच बरं."

मॅडमनी पुष्कळ समजावलं. मी दाराला टेकून उभी. एक वाक्य बोलले असते तर? बोलले नाही.

पुढं मॅडमची बदली झाली. दीपाची शाळा दहावीनंतर सुटली, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं ती घराबाहेर पडली नाही म्हटलं तरी चालेल.

मागच्या वर्षी गावातल्या चार तरुण पोरांनी घरी येऊन तिला ग्रामसभेला यायचं का विचारलं. ती गेली. भर सभेत बोलली — दवाखान्याला पायऱ्या आहेत, आमच्यासारख्यांनी आत जायचं कसं? आता तिच्यासारखी गावातली मुलंमुली दर आठवड्याला तिच्याकडं जमतात, कुठं काय अडतंय ते ग्रामपंचायतीला लिहून देतात. आईनं फोनवर सांगितलं, "समदं गाव तिचं नाव काढतंय बघ."

छान झालं, मी म्हणाले. फोन ठेवला, आणि पोटात तेच. आज दोन लेकरांची आई आहे मी — तरी तेच.

दीपाला मी अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी ती फोन करते, "ताई, कशी हैस?" म्हणून विचारते. मी म्हणते, मजेत.