तात्यांची साक्ष

माझे सासरे, तात्या, एका जागी बसलेले मी क्वचितच पाहिले. जेवतानासुद्धा दोन घास झाले की उठून गोठ्यात डोकावून येत. शिनोलीला नव्याने नांदायला गेले तेव्हा मला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. एकदा विचारलं, तर म्हणाले, "पोरी, बसलं की डोकं चालाया लागतंय. चाललं की डोकं बसतंय."

पुढे माझा आणि महेशचा घटस्फोट झाला. आमची मुलगी सई माझ्याकडे राहिली आणि मी पुण्यात नर्सची नोकरी धरली. तात्यांनी येणं सोडलं नाही. एसटीने यायचे, सईला शाळेतून आणायचे आणि चहा निवायच्या आत परत निघायचे. थांबा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "म्हशीची येळ झाली."

सई आठ वर्षांची असताना मला आयर्लंडच्या एका इस्पितळात नोकरी मिळाली. तिला सोबत नेण्यासाठी मी कौटुंबिक न्यायालयात परवानगी मागितली. महेशने विरोध केला. त्याचं दुखणं मला कळत होतं. पोर एवढी लांब गेल्यावर बापाच्या वाट्याला फोनच उरणार. तात्या त्याचे साक्षीदार. दर तारखेला ते कोर्टाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. शिपाई वैतागून म्हणाला, "आजोबा, बसा की राव!"

"तू बस," तात्या म्हणाले. "माझी नात चाललीय."

साक्षीच्या दिवशी न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "आई ड्युटीवर गेली की मुलीची आबाळ होते, असं तुमच्या मुलाचं म्हणणं आहे. तुम्ही काय पाहिलंत?"

तात्या कठडा धरून उभे होते. पहिल्यांदाच त्यांचे पाय हलत नव्हते.

"पोरीला टायफॉइड झाला तवा मी आठ दिस हितंच व्हतो, मॅडम. ही कामावरनं आली की पोरीच्या उशाशी बसायची. पोरगी हितं ऱ्हावी असं मला लई वाटतंय. पर आबाळ मी न्हाई पाहिली."

महेश उठून बाहेर गेला.

परवानगी मिळाली. दर आठवड्याला वडिलांशी व्हिडिओ कॉल आणि उन्हाळ्याची सुट्टी शिनोलीत, या अटींवर. तात्याही फोन करायचे, पण चालता चालता. आम्हाला कधी आभाळ दिसायचं, कधी कौलं, कधी नुसतीच त्यांची हनुवटी. सई ओरडायची, "तात्या, थांबा ना!"

फाल्गुनात ते गेले. शेतातून येता येता बांधावरच.

मे महिन्यात सईला घेऊन शिनोलीला आले. महेश ओट्यावर बसला होता. बांधाकडे बघत म्हणाला, "कोर्टात काय सांगायचं, ते मीच पढवलं व्हतं त्यांना. त्यांनी ऐकलं न्हाई. त्या दिवसापासनं मी बोलणं टाकलं."

"मग?"

"मग काय. ऱ्हाऊनच गेलं."

आतून सई "बाबा, बाबा" म्हणून हाका मारत होती. तो जागचा हलेना. शेवटी मीच म्हणाले, "जा, पोरगी बोलावतेय."